मोर, कोंबडी आणि साठ टक्के

आमच्या दुकानाचं खरं नाव आप्पांच्या आईवरून ठेवलेलं आहे. ते कुणालाच माहीत नाही. जीएसटीवाल्यांना असेल. बाकी अख्खं बेळगाव आम्हाला ‘कोंबडीवाला’ म्हणतं आणि आम्ही विकतो दुधाची मिठाई, कुंदा.

दोष सुताराचा. 1983 साली आप्पांनी पाटी करायला टाकली, तिच्यावर पिसारा फुलवलेला मोर हवा होता. सुतारानं फळी वीतभर आखूड कापली. पेंटरनं आधी मोराचं अंग काढलं, मग जागा उरली नाही म्हणून पिसारा मिटवला. निळा रंग संपला तेव्हा डब्यात तळाला होता तो लाल त्यानं तुऱ्याला लावला. मजुरीवर किलोभर कुंदा घेऊन तो गेला, तेव्हा पाटीवर एक गुबगुबीत, तृप्त कोंबडी उभी होती. आप्पा म्हणाले, “वाळल्यावर मोर दिसेल.” चाळीस वर्षं झाली, वाळायलाच लागलंय.

बैलहोंगलकडची गिऱ्हाइकं बसमधून उतरून विचारत येतात, “कोळी अंगडी एल्लैत्रि?” कन्नडमध्ये कोंबडीला कोळी म्हणतात, हे आमच्याकडं शाळेत न जाताही कळतं. मधूनच कुणीतरी ड्रेस केलेल्या कोंबडीचा दर विचारतं. एका लग्नाच्या यादीत ‘कोंबडीवाला – पाच किलो’ असं वाचून शुद्ध शाकाहारी व्याह्यांनी मांडवातच आवाज चढवला होता. आप्पांनी स्वतः जाऊन डबा उघडून दाखवला, तेव्हा मुलगी सासरी गेली.

तर ही कोंबडी घालवायची, असं माझ्या लेकीनं ठरवलं. ती बेंगळूरला डिझाइन शिकते. दिवाळीला आली ती लॅपटॉप घेऊनच, आणि दुपारी दुकान थंड असताना आम्हा दोघांना खव्याच्या डब्यांवर बसवून तिनं जगातले यशस्वी लोगो दाखवले.

“आज्जा, हे ॲपलचं.”

“उष्टं फळ दुकानावर लावलंय?” आप्पा.

1977 साली ते काढणाऱ्या रॉब जॅनॉफनं मुद्दाम लचका ठेवला, नाहीतर लहान आकारात ते चेरी वाटलं असतं, असं तिनं समजावलं. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “त्याला आधी कळलं, नशीबवान.”

मग नायकीची ती बाकदार खूण. 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीनं ती पस्तीस डॉलरांत काढून दिली. आप्पांनी डॉलर साडेसात रुपयांनी धरून अडीचशेच्या वर हिशेब काढला आणि माझ्याकडं बघितलं. लेकीच्या कॉलेजची वर्षाची फी त्या नजरेत स्वच्छ वाचता येत होती. कंपनीनं पुढं 1983 साली त्या बाईला अंगठी आणि शेअर दिले, असंही तिनं सांगितलं. “त्याच साली आपण किलोभर कुंदा दिला,” आप्पा म्हणाले. “फिटलं.”

“आणि स्टारबक्सनं तर 2011 साली लोगोतलं नावच काढून टाकलं. नुसतं चित्र. लोक ओळखतात.”

“आपलं नाव गावानं कधीच काढून टाकलंय गं. नुसती कोंबडी. लोक ओळखतात की.”

पोरगी क्षणभर अडखळली, ते मला दिसलं. पण त्या वयात पुढची स्लाइड असतेच.

रात्री मी मोबाइलवर बघत बसलो. ट्रॉपिकानानं 2009 साली खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून पेलाभर रस छापला. विक्री वीस टक्के पडली आणि दोन महिन्यांच्या आत संत्रं परत आलं. गॅपनं 2010 साली नवा लोगो आठवड्याभरात गुंडाळला. सकाळी सांगितलं तर लेक म्हणाली, “पप्पा, ते फसलेले. आपण यशस्वी झालेल्यांचं बघायचं.” यावर काय बोलणार? आमची काकू अजून ॲक्सिस बँकेला यूटीआयच म्हणते. तिथलं नाव बदललं 2007 साली. आणि आमचं गाव 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर बेळगावी झालं, तरी आप्पांना त्याची आठवण होते ती फक्त जुन्या छापाचे हजार डबे संपवायला लागलेल्या वर्षांमुळं.

नवा लोगो आला. मधे एक ठिपका आणि त्यातून निघालेल्या आठ बारीक, वाकलेल्या रेघा. लेक म्हणाली, “मिनिमल मोर.” आप्पांनी चष्मा लावून बघितला, काढून बघितला. “वाळल्यावर दिसेल,” म्हणाले.

आता पाटी. 2024 साली कर्नाटकच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून पाटीवर 60 टक्के कन्नड हवं. म्हणजे उरलेल्या चाळीसमध्ये मराठी, इंग्रजी, फोन नंबर, ‘शुद्ध शाकाहारी’ आणि मोर. लेकीनं बेंगळूरला शिकलेली सगळी मोकळी जागा तिथंच संपली. फ्लेक्सवाल्याच्या टेबलावर पट्टी घेऊन ती दोन तास बसली होती. मोर कुठल्या भाषेत धरायचा, असा प्रश्न तिनं विचारल्यावर फ्लेक्सवाला म्हणाला, “ताई, आमच्याकडं आजवर कुणी विचारलं नव्हतं.” शेवटी मोर कन्नडच्या हद्दीबाहेर, मराठीच्या डोक्यावर बसला. फळी आखूड पडायची आमची परंपरा कायम राहिली.

पाटी चढली आणि गिऱ्हाईक थांबलं. ट्रॉपिकानाचे लोक निदान दुकानात येऊन गोंधळत होते. आमचे रस्त्यावरच गोंधळले. एक जुने गुरुजी दुकानाच्या पायरीवर उभं राहून मला फोन करून विचारत होते, “दुकान कुठं हलवलासा?” मी गल्ल्यावरून हात केला. त्यांनी ओळखीचा माणूस दिसला म्हणून परत हात केला आणि फोनवर बोलतच राहिले.

पाचव्या दिवशी खानापूरकडचं एक कुटुंब आलं. आई कुंद्याचा भाव विचारत होती, आणि कडेवरचं पोर नव्या पाटीकडं बोट दाखवून किंचाळलं, “आई, कोळी! केवढा कोळी!”

मी बाहेर जाऊन बघितलं. मधे ठिपका, आठ वाकडे पाय. पेढ्याच्या दुकानावर तर सोडाच, असला कोळी मी आमच्या माळ्यावरही पाहिला नव्हता. लेक तोंडावर हात ठेवून उभी. आप्पा मात्र आतून एकदम खुशीत ओरडले, “म्हणजे नाव बदललंच नाही की!”

जुनी पाटी आता वजनकाट्याशेजारी भिंतीला टेकून ठेवलीय. नवी वरच आहे. फ्लेक्सचे पैसे गेलेत. परवा एक माणूस तिच्याखाली उभा राहून मोबाइलवर कुणाला तरी पत्ता सांगत होता. मागून बस हॉर्न वाजवत गेली, त्यामुळं मला एकच शब्द ऐकू आला, “कोळी.” तो वर बघून मराठी बोलत होता की आत बघून कन्नड, मला अजून कळलेलं नाही. पाव किलो घेऊन गेला.