‘टेक द ए ट्रेन’ एलिंग्टन यांची नव्हे, बिली स्ट्रेहॉर्न यांची

‘टेक द ए ट्रेन’ ही अमेरिकन जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख ड्यूक एलिंग्टन यांची रचना आहे, न्यूयॉर्कमध्ये ‘ए’ नावाची भुयारी गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या स्वागतासाठी त्यांनी ती बांधली आणि त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांचे काम वाद्यमेळ बसवून देण्यापुरते होते, असा मजकूर वारंवार फिरत असतो. त्यातले एकही विधान टिकत नाही.

गाडीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ही भुयारी गाडी १९३२ मध्ये धावू लागली, तर स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टन यांची पहिली भेट डिसेंबर १९३८ मध्ये पिट्सबर्गला झाली आणि रचना त्यानंतरची आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या आपल्या घरी कसे यावे हे एलिंग्टन यांनी स्ट्रेहॉर्न यांना सांगितले होते, त्यातून ‘ए गाडी पकडा’ अशा अर्थाचे हे शीर्षक आले.

रचना कोणाची, याचे सर्वांत ठोस उत्तर मात्र रेडिओच्या इतिहासात आहे. मानधनाच्या वादामुळे १९४१ च्या आरंभापासून ‘ॲस्कॅप’ या रचनाकारांच्या संस्थेच्या सदस्यांचे संगीत अमेरिकेतील मोठ्या रेडिओ जाळ्यांवरून बंद झाले, आणि एलिंग्टन त्या संस्थेचे सदस्य असल्यामुळे त्यांना स्वतःच्याच रचना, अगदी वाद्यवृंदाची तेव्हाची ओळखधूनसुद्धा, तेथे वाजवता येईना. स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टन यांचे पुत्र मर्सर सदस्य नव्हते, म्हणून नव्या रचनांची जबाबदारी त्या दोघांवर आली. १५ फेब्रुवारी १९४१ रोजी ध्वनिमुद्रित झालेली ‘ए ट्रेन’ ओळखधून होऊ शकली ती याच कारणाने. ती एलिंग्टन यांची असती, तर त्या महिन्यांत या जाळ्यांवर वाजलीच नसती.

‘केवळ वाद्यमेळ बसवला’ हे म्हणणे तर धून नीट न ऐकता केलेले आहे. षड्ज धरून ऐकल्यास तिसऱ्या मात्राखंडात चाल अनपेक्षितपणे कोमल धैवतावर जाऊन थांबते, आणि मला तरी या रचनेचा प्राण तिथेच वाटतो. तो सूर वाद्यमेळाची सजावट नाही, मूळ चालीतलाच आहे. एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील रे नान्स यांचा ट्रम्पेटवरचा एकल भाग पुढच्या वादकांनीही जपला, हे खरे; पण तो नान्स यांच्या वादनाचा गौरव आहे, एलिंग्टन यांच्या कर्तृत्वाचा पुरावा नव्हे.

दोघांच्या सहकार्यातील इतर काही रचनांच्या श्रेयाविषयी वाद आहेत आणि ते गंभीर आहेत. या रचनेबाबत तसा संशय घ्यायला जागा नाही, कारण ध्वनिमुद्रिकेवर रचनाकार म्हणून स्ट्रेहॉर्न यांचेच नाव होते.