दगडाचा भाव

परवापासून आमच्या पेठेत मला 'दगडवाले' म्हणतात. दूधवाल्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण काल वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून "दगड खरंच किलोवर मिळतो का हो?" असं विचारलं. हसू दाबताना त्यांच्या पिशवीतले टोमॅटो हलत होते.

प्रकरण थोडक्यात सांगतो. घरी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच माशांचा टँक आहे. साधारण 190 लिटर पाणी मावतं. त्यात खारं पाणी करून प्रवाळं आणि क्लाउनफिशची जोडी ठेवायची आहे. त्यासाठी आत दगड लागतो, आणि तो शोभेसाठी नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. दगडाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. दगडाच्या पोटात, जिथं ऑक्सिजन फारसा पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडून देतात. म्हणजे सगळा कारभार भोकांवर. समुद्रातून काढलेला दगड याला सगळ्यात उत्तम, पण प्रवाळ आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघ आहे त्याच यादीत. मेलेलं उचलून आणलं तरी गुन्हा. ते योग्यच आहे. (तरी "पाहिजे तर खरा देतो की" असं हळूच सांगणारे भेटतातच.) तर राहिला माणसानं बनवलेला दगड. तो घ्यायला मी शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो होतो.

दुकानदारानं काउंटरखालून खोकं काढलं. आतले सगळे दगड जांभळे. समुद्रात जुन्या दगडावर कोरलाइन नावाचं जांभळट शेवाळ चढतं, त्याची नक्कल म्हणून हा रंग. टँकमध्ये पहिल्या काही महिन्यांत त्यावर तपकिरी शेवाळ बसणार आणि रंग दिसेनासा होणार, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी जांभळाच.

"काय दर?"

"साडेचारशे रुपये किलो."

माझ्या मागून कुणीतरी "आं?" केलं.

वळून पाहिलं तर एक आबा. धोतर, टोपी, हातात मंडईची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. नातवाला गप्पी मासे घ्यायला आले होते. नातू काचेला नाक लावून उभा होता. आबांचं मात्र माशांवरचं लक्ष उडालं होतं.

"दगुड?"

"हो."

"किलोवर?"

"हो, आबा."

"मटण काय दरानं हाय ठावं हाय न्हवं?"

इथंच माझं संपलं. बाहेरच्यांना कल्पना नसते, पण आमचं कोल्हापूर टोलविरुद्ध ज्या जिद्दीनं रस्त्यावर उतरलं, त्याच जिद्दीनं 2019 मध्ये मटणाच्या दरवाढीविरुद्धही उतरलं होतं. इथं कुठल्याही वस्तूचा भाव शेवटी मटणाशीच ताडून बघतात. सोनंसुद्धा.

आबांनी दगड हातात घेतला, उलटापालटा केला. "ह्येला भोकं हायत की. भोकांचं बी पैसं लावता?"

मी समजावलं. म्हटलं, आबा, भोकांना वजन नसतं. जितकी भोकं जास्त तितका दगड हलका, आणि तितक्याच पैशात जास्त दगड येतो. आम्हाला लागतात ती भोकंच.

आबांनी विचार केला. खरोखर केला, कारण कपाळावर आठ्या पडल्या. मग दुकानदाराकडं वळून म्हणाले, "मग ह्यास्नी निसती भोकंच द्या की. पाव किलू."

तोवर शेजारचा मोबाइल कव्हरवाला आणि चहाचं केटल घेतलेला पोरगा दारात येऊन उभे राहिले होते. कोल्हापुरात दोन माणसं दराबद्दल बोलायला लागली की तिसरा आपोआप उगवतो. त्याला विषय माहीत असावा लागत नाही.

"मग जांभा न्या की पावणं," आबा म्हणाले. "पन्हाळ्याच्या अंगाला बक्कळ. भोकंच भोकं. फुकट."

आता हे बोलणं अडाणी नव्हतं, हीच अडचण. जांभा खरंच सच्छिद्र असतो. पण त्यात भरलेली असतात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, मला हवा असतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. खाऱ्या पाण्यात नको त्या धातूंचा धोका कोण घेणार? हे मी चहावाल्या पोरासमोर सांगितलं. पोरगा म्हणाला, "काका, लोखंड तर अंगाला चांगलं असतंय."

"बरं, जांभा ऱ्हाऊ दे. काळा घ्या. आपला घट्टमुट्ट."

"काळ्याला भोकं नसतात, आबा. माझ्या टँकला नाही चालत काळा."

आबांनी दगड काउंटरवर ठेवला. टोपी सारखी केली. दुकानात अगदी शांतता.

"अंबाबाईच्या देवळाला चालतोय काळा दगुड," ते म्हणाले, "आन् तुमच्या माशाला न्हाई चालत?"

याला उत्तर नाही. मुंबईत असेल, पुण्यात तर नक्की असेल, पण महाद्वार रोडपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून याला उत्तर देणारा माणूस जन्माला यायचा आहे. कव्हरवाल्यानं हात जोडले, देवीला की मला ते कळलं नाही.

मी गप्प बसलो तसा आबांना जोर चढला. आयुष्यभर साखर कारखान्यात, रसात चुना घालायच्या खात्यात होते म्हणे. उसाचा रस स्वच्छ करायला चुना लागतो, आणि चुनखडी ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी पिशवीत हात घालून लिंबू काढलं, काउंटरच्या कडेवर दाबून फोडलं आणि कुणी हं की चूं करायच्या आत माझ्या साडेचारशे रुपये किलोच्या दगडावर पिळलं. फसफस झालं. बारीक बुडबुडे.

"चुनखडी!"

"तेच पाहिजे, आबा!" मी ओरडलोच. मला खरंच आनंद झाला होता.

"चुनखडीला साडेचारशे?"

मग उरलेली फोड त्यांनी खोक्यातल्या दुसऱ्या दगडावर पिळली. काही नाही. थेंब तसाच बसून राहिला. आबांनी अंगठ्यानं घासलं, अंगठा जांभळा झाला. दोघांनी दुकानदाराकडं पाहिलं.

"तो वेगळ्या लॉटचा," दुकानदार म्हणाला.

इथं मात्र माझं हसू गेलं. दगड फसफसला नाही म्हणून वाईट असं नाही. भाजलेल्या सिरॅमिकचा असेल तर फसफसणार नाही, आणि जिवाणूंना तोही चालतो. पण मग तसं सांगा ना! सिमेंटचा असेल तर तसं सांगा. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, नऊच्या वर जातो. प्रवाळाला तो 8.1 ते 8.4 लागतो. म्हणून असा दगड कित्येक आठवडे पाणी बदलत भिजत घालावा लागतो. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापतात. हजारो रुपयांच्या दगडाच्या खोक्यावर काय, तर उड्या मारणाऱ्या डॉल्फिनचं चित्र. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बिनधास्त न्या, काय होत नाही." ज्याचे मासे मरतात तो पुन्हा येऊन नवे घेतो, त्यामुळं काय होत नाही हे त्यांच्या बाजूनं खरंच आहे.

शेवटी आबांनीच सौदा केला. मला विचारलं नाही. फसफसणारे तेवढे निवडून वेगळे काढले, दर चारशेवर आणला आणि कोथिंबिरीवर मागतात तसा "वर एक टाक" म्हणून बारका तुकडा उपटला. तो मला मिळेल अशी माझी समजूत. त्यांनी तो नातवाच्या गप्पीच्या पिशवीशेजारी ठेवला. "चला, मजा हाय तुमची," म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या शर्टवर जांभळा अंगठा उठला, तो अजून गेलेला नाही.

चीड याची येते की गप्पीला थोडं जड पाणीच मानवतं. म्हणजे आबांचा फुकटचा दगड त्याच संध्याकाळी कामाला लागला. माझे बादल्यांत पडलेत. कारण फसफसला म्हणून सगळा चुनखडीचाच असं नसतं, सिमेंटमध्ये प्रवाळाची वाळू कालवली तरी फसफसतं. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. बायको बादली मागते, मी नुसता मग देतो. पाण्याचा पीएच 9.2 दाखवतोय.

तक्रार करायला दुकानदाराला फोन केला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिंबू पिळा की."