फ्लॅग पडला नाही म्हणजे ब्लॉक रास्त होता?

अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यांमध्ये एक युक्तिवाद वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. एखादा खेळाडू मैदानातून उचलून न्यावा लागला आणि पंचांनी नियमभंगाचा पिवळा फ्लॅग टाकला नाही, की तो हमखास पुढे येतो. साधारण असा: "ब्लॉक नियमात बसत होता, म्हणजे तो रास्त होता. मैदानात उतरणाऱ्याला धोका ठाऊक असतो आणि त्याचेच त्याला पैसे मिळतात. खालून घातलेला ब्लॉक हे लहान चणीच्या खेळाडूचं हत्यार आहे. गुडघा दुरुस्त होतो, मेंदू होत नाही. अशा बंद्या घालत गेलात तर खेळच उरणार नाही. आणि त्या धावपळीत विचार करायला वेळ असतो कुठे?"

मला हा खेळ मनापासून आवडतो, त्यातली धडकही आवडते. म्हणूनच हा युक्तिवाद मुद्द्यामुद्द्याने खोडून काढावासा वाटतो. यातल्या एका मुद्द्यात तथ्य आहे, तेही कबूल करेन.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला पकडून पाडणं म्हणजे टॅकल. ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला अंगाने, हाताने रेटून वाटेतून दूर ठेवणं म्हणजे ब्लॉक. ब्लॉकमध्ये पकडायला मनाई आहे, ढकलायला नाही. वाद आहे तो दोन प्रकारांवर. एक कट ब्लॉक, म्हणजे समोरच्याच्या कमरेखाली, मांडी-गुडघ्यावर अंग झोकून देणं. दुसरा ब्लाइंडसाइड ब्लॉक, म्हणजे ज्याची नजर दुसरीकडे आहे त्याच्यावर न दिसणाऱ्या बाजूने आदळणं.

आता पहिला आणि सगळ्यात वजनदार मुद्दा: नियमात बसतं, म्हणजे रास्त.

२४ नोव्हेंबर २००२. टँपा बे संघाच्या बचावपटूने ग्रीन बे संघाचा पास मध्येच झेलला आणि तो उलट दिशेने धावत सुटला. ग्रीन बेचा लेफ्ट टॅकल (हे जागेचं नाव, पुढच्या फळीत डाव्या टोकाला उभा राहणारा) चॅड क्लिफ्टन या गडबडीपासून बराच लांब होता आणि जेमतेम जॉगिंगच्या वेगाने चालला होता. टँपा बेच्या वॉरन सॅपने त्याला हेरलं आणि पूर्ण वेगाने येऊन आडवा केला. क्लिफ्टनच्या ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्याला इतकी जबर इजा झाली की त्याला टँपाच्या इस्पितळात ठेवावं लागलं आणि पुढचे कित्येक आठवडे आधाराशिवाय चालता येईना. त्याचा हंगाम तिथेच संपला. फ्लॅग पडला नाही. ग्रीन बेचे प्रशिक्षक माइक शर्मन सामना संपल्यावर मैदानातच सॅपला जाब विचारायला गेले. नियमपुस्तकाच्या दृष्टीने त्यांची बाजू लंगडी होती. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, खेळापासून बाजूला असलेल्या आणि धडकेची अपेक्षा करण्याचं कारणच नसलेल्या खेळाडूवर विनाकारण आदळणं एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, नियमबाह्य ठरवलं.

पुढचा प्रसंग १९ ऑक्टोबर २००८ चा. पिट्सबर्गचा रिसीव्हर (पास झेलणारा) हाइन्स वॉर्ड आणि सिनसिनाटीचा नवखा लाइनबॅकर (बचावपटू) कीथ रिव्हर्स. रिव्हर्सची नजर चेंडूवाल्यावर होती. वॉर्ड बाजूने आला, रिव्हर्सचा जबडा मोडला आणि त्याचं पदार्पणाचं वर्ष तिथे थांबलं. याही वेळी फ्लॅग नाही. २००९ मध्ये नियम बदलला: बेसावध खेळाडूच्या डोक्याला किंवा मानेला हेल्मेट, खांदा किंवा कोपराखालच्या हाताने मारलेली धडक नियमबाह्य झाली. आजही लोक त्याला हाइन्स वॉर्ड नियम म्हणतात. २०१९ मध्ये एनएफएलने आणखी पुढे जाऊन, आपल्याच गोलरेषेच्या दिशेने किंवा तिला समांतर धावत येऊन घातलेला असा जोरदार ब्लॉक, तो शरीरावर कुठेही लागो, बंद केला.

म्हणजे "नियमात बसतं ते रास्त" हे खरं मानलं तर २००८ साली रिव्हर्सचा जबडा मोडणं रास्त होतं आणि २००९ साली तेच गैर झालं. त्या धडकेत काय बदललं होतं? रिव्हर्सला वॉर्ड दिसत नव्हता, हे दोन्ही वर्षी तेवढंच खरं होतं. नियम मागून आला. या खेळात तो नेहमीच मागून येतो, कुणाचं तरी हाड मोडल्यावर.

शिवाय एनएफएलच्या नियमपुस्तकालाही हे समीकरण मान्य नाही. त्यात 'पॅल्पेब्ली अनफेअर अ‍ॅक्ट' नावाची तरतूद आहे, म्हणजे उघडउघड अन्याय्य कृती. नेहमीच्या शिक्षांच्या तक्त्यात न मावणारं काही घडलं, तर पंचांनी स्वतःच्या न्यायबुद्धीने शिक्षा द्यावी, अगदी टचडाउनसुद्धा (गोलरेषा ओलांडल्याचे गुण) बहाल करावा, अशी मुभा त्यात आहे. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये १९५४ च्या कॉटन बाउल सामन्यात असंच घडलं होतं. राइसचा डिकी मेगल गोलरेषेकडे सुसाट निघाला होता, अलाबामाचा टॉमी लुइस बाकावरून उठून मैदानात शिरला आणि त्याने मेगलला पाडलं. पंचांनी राइसला सरळ टचडाउन दिला. रास्तपणा हा नियमांच्या यादीहून मोठा आहे, हे खेळाने स्वतःच लिहून ठेवलेलं आहे.

आणि खेळाडूंना विचाराल तर, २००९ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या मासिकाने एनएफएलच्या खेळाडूंनाच सगळ्यात गलिच्छ खेळणारा कोण असं विचारलं होतं. सर्वाधिक मतं हाइन्स वॉर्डला पडली. तो सुपर बाउलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, मानकरी होता, चिवट आणि हसतमुख खेळाडू होता, आणि ज्या ब्लॉकमुळे तो गाजला त्यावर फ्लॅगसुद्धा पडला नव्हता. त्याच्याबरोबर मैदानात उतरणाऱ्यांना नियमात बसणं आणि रास्त असणं यांतला फरक चांगला कळत होता.

दुसरा मुद्दा संमतीचा: "धोका ठाऊक असतो, पैसे मिळतात."

कुठल्या धोक्याला संमती असते? समोरासमोरच्या धडकेला, हो. दोन लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, तोंडासमोर तोंड करून उभे असतात, हात मोकळे असतात, चेंडू निघाल्याबरोबर भिडायचं हे दोघांनाही माहीत असतं. कबड्डीत चढाई करणाराही पकड होणार हे धरूनच आत शिरतो. पण पायांची कैची घालून त्याला पाडणं कबड्डीच्या नियमांनी वर्ज्य आहे. चढाईला आलास म्हणजे गुडघा मोडून घ्यायलाही तयार झालास, असं कबड्डीत कुणी म्हणत नाही. फुटबॉलमध्ये मात्र ते बिनदिक्कत म्हटलं जातं.

पैशांचं म्हणाल, तर खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने एनएफएलमधली सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास भरते, आणि बहुतेक करारांतली सगळी रक्कम हमीची नसते. गुडघ्याचा मुख्य बंध तुटला की साधारण नऊ महिने ते वर्षभर जातं. सव्वातीन वर्षांतून एक वर्ष वजा करून पाहा. आणि ज्यांना दमडीही मिळत नाही त्यांचं काय? अमेरिकेत दहा लाखांच्या घरात मुलं शाळेच्या संघांतून हा खेळ खेळतात. पैसे घेतलेत म्हणून सोसा, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसरा मुद्दा, आणि तथ्य आहे ते इथे: खालचा ब्लॉक हे लहान चणीच्या खेळाडूचं हत्यार आहे.

शंभर किलोच्या माणसाने दीडशे किलोच्या माणसाला छातीला छाती लावून रोखायचं कसं? आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या संघांत फार जड मुलं येतच नाहीत, कारण पदवीनंतर त्यांना सैन्यात रुजू व्हायचं असतं. म्हणून ते ऑप्शन पद्धतीचा (चेंडू घेऊन कुणी पळायचं ते ऐनवेळी ठरवणारा) धावता खेळ खेळतात आणि बचावपटूंचे पाय कापत वाट काढतात. डेन्वरच्या अ‍ॅलेक्स गिब्ज या प्रशिक्षकांनी नव्वदच्या दशकात हलक्या, चपळ लाइनमनांना घेऊन हीच विद्या एनएफएलमध्ये नावारूपाला आणली. तिच्या जोरावर टेरेल डेव्हिसने १९९८ च्या हंगामात धावून २,००८ यार्ड काढले आणि डेन्वरने ओळीने दोन सुपर बाउल जिंकले. ती पावलं, ते कोन, एकाच क्षणी पाच माणसांचं एका दिशेला सरकणं पाहताना मला आजही आनंद होतो. समोरून, चेंडू निघताक्षणी, जवळच्या माणसावर घातलेला कट ब्लॉक मी गैर मानत नाही. त्याला तुम्ही दिसत असता. हात खाली टेकवून तो तुम्हाला दाबू शकतो, उडी मारू शकतो.

पण या एका ब्लॉकचं समर्थन पुढे करून त्याच्या आडून इतर सगळे पार केले जातात. गिब्ज यांच्या पद्धतीतच चेंडू जिकडे जातो त्याच्या उलट बाजूच्या बचावपटूंनाही खालून कापलं जायचं. ऑक्टोबर २००४ मध्ये सिनसिनाटीच्या टोनी विल्यम्सच्या घोट्याची डेन्वरच्या जॉर्ज फॉस्टरच्या अशाच ब्लॉकने वाताहत झाली आणि त्याचा हंगाम संपला. चॉप ब्लॉक तर याहून वाईट. एकाने वरून गुंतवून ठेवायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी गुडघ्यावर पडायचं. ज्याचे दोन्ही हात वर अडकलेले आहेत त्याने पाय कशाने वाचवायचे? आणि इथे लहान कोण आहे? दोघे मिळून एकावर चालून गेलेत. तरीही एनएफएलमध्ये काही परिस्थितींत हा प्रकार २०१६ पर्यंत चालत होता. त्या वर्षी तो पूर्ण बंद झाला.

हत्यार काढून घेतलं तर लहानांचं काय होईल, याचंही उत्तर आता मिळालं आहे. २०२२ मध्ये कॉलेज फुटबॉलने कमरेखालचा ब्लॉक टॅकल बॉक्सच्या आत, म्हणजे मधल्या गर्दीपुरता ठेवला आणि तोही फक्त लाइनमनांना आणि त्यांच्या मागे जागेवर उभ्या असलेल्या बॅकना. मोकळ्या मैदानात तो बंद झाला. लष्करी अकादमींच्या गोटातून जोरदार नाराजी व्यक्त झाली. आर्मीने मध्ये एक वर्ष पद्धत बदलून पाहिली, मग २०२४ मध्ये जुन्या वळणाचा ऑप्शन नव्या नियमांत बसवला. त्या हंगामात त्यांनी बारा सामने जिंकले, आपल्या कॉन्फरन्सचं (संघांच्या गटाचं) अजिंक्यपद मिळवलं आणि धावून मिळवलेल्या यार्डांत देशात पहिला क्रमांक पटकावला. नेव्हीनेही दहा सामने जिंकले.

चौथा मुद्दा: "गुडघा दुरुस्त होतो, मेंदू होत नाही."

अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून ते फसवतं. डोक्यावरच्या धडकांना दंड वाढल्यावर खाली मारणं वाढेल ही भीती खोटी नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये क्लीव्हलँडच्या टी. जे. वॉर्डने रॉब ग्रोंकाउस्कीच्या गुडघ्यावर टॅकल केला, बंध तुटले, आणि वर मारलं असतं तर दंड झाला असता हेच त्याने कारण दिलं. तो टॅकल होता, ब्लॉक नव्हे, पण विचार तोच. मात्र डोकं आणि गुडघा यांच्यामध्ये माणसाला छाती आहे, पोट आहे, खांदे आहेत. तिथे उघड्या तळहातांनी केलेला ब्लॉक हाच तर मुळात शिकवला जातो. शिवाय ब्लाइंडसाइड ब्लॉकला ही ढाल लागूही पडत नाही. रिव्हर्सचा जबडा गुडघ्याखाली नव्हता.

पाचवा: "बंद्या घालत गेलात तर खेळ उरणार नाही."

१८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध फ्लाइंग वेज आणला. खेळाडूंनी धावत येऊन पाचरीसारखी रचना करायची आणि एका माणसावर तुटून पडायचं. तोही नियमात बसत होता. दोन वर्षांत त्यावर बंदी आली. गर्दीने एकत्र आदळण्याचे इतर प्रकार चालूच राहिले, आणि १९०५ च्या हंगामात किमान १८ जणांचा मृत्यू झाला. त्याच हंगामात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६ च्या बदललेल्या नियमांतून फॉरवर्ड पास कायदेशीर झाला. आज ज्याच्यासाठी लोक रविवारची दुपार राखून ठेवतात तो लांब, हवेतून फिरत जाणारा पास या सुधारणांमधूनच आला. किकच्या वेळी ती झेलणाऱ्या संघाला कमरेखालचा ब्लॉक एनएफएलने १९७९ मध्ये बंद केला. त्यानंतर खेळ मोठाच होत गेला.

राहिला शेवटचा मुद्दा, धावपळीत विचाराला वेळ नसण्याचा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला तो नसतो. त्याला पाडायला धावणाऱ्यालाही नसतो. पण ब्लाइंडसाइड ब्लॉक घालणाऱ्याला मैदानातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ असतो. त्याच्या मागे कुणी लागलेलं नसतं. तो आपला माणूस हेरतो, त्याची नजर कुठे आहे ते पाहतो, वाट धरतो, वेग वाढवतो आणि खांदा खाली करतो. यातलं प्रत्येक पाऊल निवडलेलं असतं. आणि दुसरं काहीतरी निवडता येतं. तो माणूस बेसावध आहे, म्हणजे त्याच्या वाटेत नुसतं उभं राहिलं तरी तो अडतो.

शाळांच्या फुटबॉलने २०१७ मध्ये नियम केला तो नेमका असा. मधल्या गर्दीबाहेर, न पाहणाऱ्या खेळाडूला ब्लॉक करायला आजही मोकळीक आहे, फक्त जोराचा पहिला स्पर्श उघड्या हातांचा हवा. पंधरा-सोळा वर्षांची मुलं दर शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात, त्याच धावपळीत, हात पुढे करून तो ब्लॉक करतात.