'खरी असती तर रोज साडी नेसली असती'

गेल्या दोन-तीन आठवड्यांत एकच मजकूर माझ्याकडे तीन वाटांनी आला: सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप आणि नातेवाइकांचा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणाऱ्याने खाली जोडलेले हात टाकले होते. म्हणजे भांडायचं नाही, फक्त 'विचार करण्यासारखं' आहे. गाभा असा: खरी बाई रोज बाई असते. या ट्रान्स म्हणवणाऱ्यांना आज साडी नेसावीशी वाटते, चार दिवसांनी ती लहर ओसरते आणि पुन्हा शर्ट-पँट. येते-जाते ती हौस, तिला ओळख म्हणू नका. पुढे पाच-सहा मुद्दे आणि शेवटी 'पुढे पाठवा'.

मी ट्रान्स बाई आहे (जन्माला आले तेव्हा मुलगा म्हणून नोंद झालेली), वय 41, आणि हे लिहिताना माझ्या अंगावर ट्रॅकपँट आणि काखेत उसवलेला टी-शर्ट आहे. तेव्हा मजकूर माझ्याबद्दलच आहे असं धरून उत्तर देते.

'इच्छा चढते-उतरते, म्हणजे ती खरी नाही.'

चढते-उतरते, हे अगदी खरं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. विशीत मी दोनदा सगळं फेकून दिलं होतं. दोन कुर्ते, एक परकर, काजळाची कांडी, टिकल्यांचं पाकीट, सगळं काळ्या पिशवीत भरून घरापासून दोन स्टॉप लांबच्या कचराकुंडीत. आता पुन्हा नाही, अशी शपथ. पुढचे सात-आठ महिने खरोखर काही वाटलं नाही. वाटायचं ते मी दाबून टाकलं होतं की आपोआप निजलं होतं, हे आज सांगता यायचं नाही. मग एका संध्याकाळी मी तुळशीबागेत उभी होते आणि 'बहिणीसाठी' म्हणून बांगड्यांचं माप सांगत होते, माझ्या मनगटाचं. मला बहीण नाही. नंतर माझ्यासारख्या इतर जणी भेटत गेल्या तेव्हा कळलं, ही काळी पिशवी बहुतेकींच्या आयुष्यात एकदा तरी येऊन गेलेली असते.

इच्छा कधी ओसरली याचा हिशोब मांडला तर सापडतं काय? आईचं ऑपरेशन होतं तेव्हा. नवी नोकरी लागली आणि कॉट बेसिसवर चौघांत राहत होते तेव्हा. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा. कडीकुलूप नसलेल्या खोलीत मन स्वतःच कडी घालून घेतं. बाहेरून बघणाऱ्याला ते 'बरं झाल्यासारखं' दिसतं.

आणि दुसरं ओसरणं असतं, त्याच्याबद्दल मजकूर लिहिणाऱ्याला काहीच माहीत नसावं. ते पोट भरल्याचं असतं. सहा महिन्यांत एकदा घर रिकामं मिळालं की माणूस लिपस्टिकपासून पैंजणापर्यंत सगळं एकदम अंगावर चढवतो. हा उपाशी माणसाचा पानावर बसल्यावरचा अवतार आहे. रोज दोन वेळचं मिळायला लागल्यावर कुणी असं जेवत नाही. मी 33व्या वर्षी हार्मोन सुरू केले: इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला टेस्टोस्टेरॉन रोखणारं औषध. साधारण तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ पडायला लागते, छाती भरायला सुरुवात होते; ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं जातात. आवाज मात्र या गोळ्यांनी बदलत नाही, दाढी जात नाही. दाढीसाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस, आवाजासाठी रियाझ. त्या पहिल्या दोन वर्षांत ओढणी, झुमके, कुंकू यांच्याशिवाय मी दूध आणायलाही खाली उतरत नव्हते. दुकानदाराने 'भाऊ' म्हणू नये, यासाठी मला प्रत्येक झुमका कामाला लावावा लागत होता. चेहरा आणि अंग आपापलं बोलायला लागल्यावर झुमक्यांवरचा भार कमी झाला. आता घालते ते आवडतात म्हणून, आणि आळस आला की नाही घालत.

सगळ्यांचं असंच होतं असं मात्र मुळीच नाही. माझी एक मैत्रीण सुरुवातीची चार वर्षं जीन्समध्येच राहिली; आता पन्नाशीला टेकल्यावर तिला काठापदराचं वेड लागलंय आणि ती आम्हाला इरकल आणि नारायणपेठी यांतला फरक ऐकवत बसते.

'बायकांना आपलं बाईपण असं कपड्यांत शोधावं लागत नाही.'

माझी आजी जन्मभर नऊवारीत होती. आई पाचवारीत. आत्या दिवसभर गाऊनमध्ये, वर टॉवेल टाकून भाजीवाल्याशी घासाघीस करते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पैठणी नेसते. भाची जीन्समध्ये. आत्याचं बाईपण संक्रांतीला वाढलं आणि किंक्रांतीला उतरलं, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. सणाला नटावंसं वाटणं, बाळंतपणानंतर वर्षभर आरशात न बघणं, चाळिशीत अचानक केस कापून टाकणं, हे सगळं बायकांना माफ आहे (निदान थोडंफार). आमच्याकडे मात्र त्याची हजेरी घेतली जाते.

उलट्या बाजूनेही बघा. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा, अंबाडा आणि गजरा बघून त्या काळच्या घरंदाज बायका तशा नटत. साडी शोभणं हीच कसोटी असती, तर नारायणराव राजहंसांइतकं त्या कसोटीला दुसरं कोण उतरलं असतं? पण ते पुरुष होते आणि भूमिका संपली की लुगडं उतरत असे, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी कळत होतं. कापड वेगळं आणि आतलं माणूस वेगळं, एवढंच मीही म्हणतेय.

'डॉक्टर तरी कपड्यांवरूनच ओळखतात ना?'

नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदान-पुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या 2013च्या पाचव्या आवृत्तीत जेंडर डिस्फोरियासाठी, म्हणजे शरीर आणि जाणवणारं लिंग न जुळल्याने होणाऱ्या त्रासासाठी, प्रौढांना लागू असे सहा निकष आहेत. आपलं शरीर आणि आपल्याला जाणवणारं लिंग यांतली विसंगती, शरीराच्या त्या खुणा नकोशा होणं, दुसऱ्या खुणा हव्याशा वाटणं, लोकांनी आपल्याशी तसं वागावं असं वाटणं, वगैरे. सहांपैकी किमान दोन, किमान सहा महिने, आणि त्याबरोबर त्रास किंवा अडचण. कपड्यांचा निकष त्यात एकही नाही. लहान मुलांच्या यादीत आहे, मोठ्यांच्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. ते 1 जानेवारी 2022पासून लागू आहे.

पण एक काळ असा होता खरा, आणि तो सांगण्यासारखा आहे. 1960-70च्या दशकांत अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या जेंडर क्लिनिकांत शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ट्रान्स बाया पुरेशा 'बायकी' दिसतात का, हे डॉक्टर आपल्या डोळ्यांनी जोखत. ट्रान्स लोकांवर उपचार करणारे तिथले डॉक्टर हॅरी बेंजामिन यांचं या विषयावरचं पुस्तक 1966मध्ये आलं. पुढे डॉक्टरांना आश्चर्य वाटायला लागलं, की येणाऱ्या प्रत्येकीची कहाणी त्या पुस्तकाशी तंतोतंत कशी जुळते! जुळणारच. त्या बायाही तेच पुस्तक एकमेकींना वाचायला देत होत्या आणि परीक्षेला पाठ करून जात होत्या. लहानपणापासून सतत, अखंड, एकदाही न ओसरलेली इच्छा, ही कहाणी डॉक्टरांना हवी होती म्हणून तयार झाली. आज तीच कहाणी कुणी सांगितली नाही की ती खोटी ठरते. फार नटली तर नाटक, नटली नाही तर बनावट. या दोन्हींच्या मधली, बरोबर किती मिलिमीटर काजळाची, ती मोजपट्टी कुणाकडे आहे?

'आपले पारंपरिक तृतीयपंथी बघा, कायम साडीत. ही शिकल्यासवरल्यांची नवी थेरं.'

'आपले' म्हणणाऱ्यांनी त्यांच्यापैकी कुणाशी शेवटचं कधी बोलणं केलंय, विचारायचा मोह होतो. सिग्नलवर दिसणारी साडी ही कामावरची साडी आहे. त्यांच्या बोलीत साडीला, बायकी कपड्यांना 'सातला' म्हणतात आणि पुरुषी कपड्यांत वावरणारीला 'कडेताल'. दोन्हींसाठी शब्द आहेत, कारण दोन्ही नेहमीचं आहे. गावाकडे आईला भेटायला शर्ट घालून जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्माचे जोगते बघा: कुणी कायम साडीत, तर कुणी मंगळवार-शुक्रवारी जोगव्याला आणि सौंदत्तीच्या यात्रेला साडी नेसतं, एरवी शर्टात शेतावर. गावात त्यावरून कुणाचं देवपण कमी होत नाही.

शर्ट घालायला लावणारी माणसं आणि कायदेही होते. इंग्रजांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती रस्त्यावर बायकी पोशाखात किंवा दागिन्यांत दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तो कायदा उत्तरेकडच्या प्रांतांत होता म्हणून आपण सुटलो असं नाही. तसाच कायदा 1919मध्ये हैदराबाद संस्थानात झाला, आणि तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. तेलंगणात तो कागदावर इतकी वर्षं टिकला, की उच्च न्यायालयाने तो 2023च्या जुलैत रद्द केला. ज्या साडीसाठी तुरुंग होता, ती रोज का नेसली नाही म्हणून आज प्रमाणपत्र नाकारायचं, हा न्याय फार सोयीचा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तो इथेच उरकते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014च्या निकालात सांगितलं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. आणि पोशाखातून ती व्यक्त करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. व्यक्त करण्याचा हक्क आहे, रोजची सक्ती नव्हे.

'शेवटी परततातच.'

काही परततात, आणि त्यांना खोटं ठरवण्यात मला रस नाही. एखादीला वाटेत कळतं की आपण ट्रान्स नव्हतो, नुसतं नटायला आवडत होतं. तेही आयुष्य आहे. आकडा हवाच असेल तर अमेरिकेत 2015मध्ये 27,715 ट्रान्स लोकांचं सर्वेक्षण झालं होतं. 8 टक्के कधी ना कधी मागे फिरले होते, त्यातले 62 टक्के तात्पुरतेच. आई-वडिलांचा दबाव हे सर्वांत जास्त सांगितलेलं कारण, 36 टक्के. 'हे आपल्यासाठी नव्हतं' असं सांगणारे त्या फिरलेल्यांतले 5 टक्के. अर्थात सर्वेक्षण स्वतःला ट्रान्स म्हणवणाऱ्यांचंच होतं, त्यामुळे कायमचे निघून गेलेले त्यात सापडणार नाहीत. हे मी सांगतेय, कारण मजकूरवाल्याने स्वतःच्या एकाही वाक्यामागे एवढंही सांगितलेलं नाही.

'आज साडी, उद्या शर्ट. आम्ही हाक तरी काय मारायची?'

हा मुद्दा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला, म्हणून शेवटी ठेवला. आत्याने पहिली चार वर्षं मला जुन्या नावानेच हाक मारली. साडीत असले की अडखळायची, पँटमध्ये असले की तिला बरं वाटायचं. गेल्या दिवाळीआधी मिरजेला तिच्या घराला रंग द्यायला गेले होते. माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून तिने काकांचा जुना शर्ट काढून दिला, गुडघ्यापर्यंत येणारा. मी शिडीवर, हातात ब्रश, डोक्याला फडकं, नाकावर चुना. खालून तिचा आवाज आला, "अगं, आधी चहा घे, मग कोपरा कर."

शिडीवरून उतरून चहा घेतला. त्यात साखर नेहमीसारखीच जास्त होती.