आधी निष्कर्ष, मग देश

कल्याणकारी राज्यांची तुलना करण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर प्रथम निष्कर्ष ठरवावा आणि मग त्याला साजेसा देश शोधावा. उलट क्रमाने गेल्यास अभ्यास करावा लागतो. सवलतींनी देश बुडतात असे म्हणायचे असल्यास २०१० चा कर्जात बुडालेला ग्रीस तयारच आहे. तरतात असे म्हणायचे असल्यास नॉर्वे घ्यावा, मात्र तेलाच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या त्याच्या निधीविषयी अवाक्षर काढू नये.

टिकाऊपणाचा मुद्दा निघताच जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचे स्मरण करावे. समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू सरकावी म्हणून त्याने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन आणले. पण वयाची अट सत्तर ठेवली, आणि तिथवर पोहोचणारे कामगार मुळात थोडेच असत. हिशेब जुळवण्याची इतकी सोपी रीत पुढच्या अर्थमंत्र्यांच्या वाट्याला आली नाही, कारण माणसे उगाचच जास्त जगू लागली.

पूर्व आशियाविषयी लिहिताना ‘तिथे मुलेच आईवडिलांना सांभाळतात’ एवढे वाक्य पुरते. दक्षिण कोरियात राष्ट्रीय निवृत्तिवेतन १९८८ मध्ये सुरू झाले आणि वृद्धांमधील गरिबीत तो देश श्रीमंत राष्ट्रांत वरच्या क्रमांकावर राहिला, हे सांगून संस्कृतीचा अवमान कशाला करावा? आफ्रिका तर एका ओळीत उरकावी; १९५८ पासून सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा मॉरिशस नकाशावर तसाही लहानच दिसतो.

स्वीडनचा उल्लेख ‘उधळपट्टी’ किंवा ‘स्वर्ग’ यांपैकी एका शब्दात करावा. निधीची देणी जमेपेक्षा वाढली की निवृत्तिवेतनाची वाढ आपोआप रोखणारी व्यवस्था त्यांनी कायद्यातच करून ठेवली आहे आणि २०१० मध्ये ती खरोखर लागू झाली. हे सांगितल्यास दोन्ही शब्द वाया जातात.

चिली मात्र सविस्तर घ्यावा. १९८१ मध्ये तिथे कामगारांच्या नावे स्वतंत्र खाती उघडण्यात आली, पैसा खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आला, मालकांचा हप्ता बंद झाला आणि स्वावलंबनाचा हा धडा जगभर वाखाणला गेला. तो सांगताना एवढीच काळजी घ्यावी, की हा धडा देणाऱ्या लष्करी राजवटीने सैनिक आणि पोलीस यांना जुन्या, सरकारी निवृत्तिवेतनातच राहू दिले होते, हे कोणी विचारण्याआधी पुढच्या देशाकडे वळावे.