रक्ताच्या एका थेंबात वीसही अमिनो आम्ले? खुलासा

धातूच्या संयुगाचा लेप दिलेला इलेक्ट्रोड (विजेचा प्रवाह मोजणारा अग्र) रक्ताच्या थेंबातून वीसही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, ओळखतो, असा मेसेज फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडेच.

कोबाल्ट थॅलोसायनिन हे निळे संयुग कार्बन इलेक्ट्रोडवर बसवले की सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण कमी व्होल्टेजला होते आणि प्रवाह मोजता येतो, हे खरे. सिस्टीनच्या गंधकाकडून कोबाल्ट इलेक्ट्रॉन घेतो आणि इलेक्ट्रोडला देतो. पण तसाच गंधकाचा गट पेशींतल्या ग्लुटाथायोन या संयुगाकडेही आहे, आणि रक्तातले क जीवनसत्त्व व युरिक आम्लही मध्ये लुडबूड करतात. इलेक्ट्रोडला प्रवाह कळतो, नाव नाही. शिवाय प्लाझ्मातले बहुतेक सिस्टीन गंधकबंधात अडकलेले असते. ते आधी सोडवावे लागते. मेसेजवाले हे सोयीस्करपणे गाळतात.

टायरोसीन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले साध्या कार्बनवरही संदेश देतात. ग्लायसीन, अ‍ॅलनीन तिथे जवळजवळ गप्पच. अल्कधर्मी द्रावणात तांब्याचा इलेक्ट्रोड त्यांनाही पकडतो, पण सरसकट. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) ती वेगळी करावी लागतात.

अशा इलेक्ट्रोडच्या किटच्या भरवशावर नवजात बाळाची फिनाइलकीटोन्यूरियाची (फिनाइलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल शरीरात साठत जाणाऱ्या जन्मजात आजाराची) तपासणी मात्र टाळू नका. तिच्यात टाचेच्या रक्तातले फिनाइलअ‍ॅलनीन सहसा मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणाऱ्या तंत्राने) मोजतात.