चारचौघांतला नकार

दोन पक्ष उघडपणे भांडत असतील, तर मध्यस्थाचे काम सोपे असते. परंतु एक पक्ष भांडत आहे आणि भांडण सुरू झाल्याचे दुसऱ्याने अद्याप मान्यच केलेले नाही, अशी स्थिती असेल, तर मध्यस्थाने सरळ रजा टाकावी. आमच्या प्रकल्पात एका बाजूला डच सहकारी आहेत, दुसऱ्या बाजूला जपानी, आणि दोघेही मला समजूतदार मानत असल्यामुळे मधली खुर्ची माझ्या वाट्याला आली आहे.

डच सहकारी भर बैठकीत, सर्वांच्या देखत, 'हे वेळापत्रक चुकीचे आहे' असे सांगून मोकळा होतो. यात त्याच्या मते अपमान मुळीच नाही. उलट, समोरच्याचे काम मन लावून वाचल्याचा तो पुरावा आहे. जपानी सहकारी यावर मान किंचित कलती करतो, दातांतून श्वास आत ओढतो आणि या मुद्द्याचा अवश्य विचार करू, असे सांगतो. डच सहकाऱ्याला तो होकार वाटतो, जपानी मंडळींना तो नकार आहे हे कळलेले असते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळल्यामुळे डोके फक्त माझे दुखते. (सगळे डच असे आणि सगळे जपानी तसे नसतात, हे मला मान्य आहे; माझ्या बैठकीत मात्र नेमके असेच आले आहेत.)

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली असे मांडले होते की, माणसाचा आब त्याच्या अंगात मुरलेला नसतो. तो समाजाने उसना दिलेला असतो आणि वागण्यात चूक झाली, तर परतही घेतला जाऊ शकतो. पुढे १९८०च्या दशकात संवादशास्त्राच्या अभ्यासक स्टेला टिंग-टूमी यांनी या विचाराला संस्कृतीची जोड दिली. व्यक्तीला प्राधान्य देणाऱ्या समाजांत माणूस प्रामुख्याने स्वतःचा आब सांभाळतो आणि वादाला थेट भिडतो. समूहाला प्राधान्य देणाऱ्या समाजांत तो समोरच्याचाही सांभाळतो, म्हणून वाद टाळतो, पडते घेतो किंवा तिसऱ्या माणसाला मध्ये घालतो. हे वाचताना मी आदराने माना डोलावत होतो. तिसऱ्या माणसाशी येताच थांबलो.

या सिद्धांताचा आधार घेऊन, अब्रूची काळजी म्हणजे केवळ पूर्वेकडच्यांचे खूळ, असे जे सांगितले जाते, ते मात्र मला पटत नाही. एकदा डच सहकाऱ्याच्या हिशेबात चूक निघाली. ती चारचौघांत न सांगता जपानी मंडळींनी मोठ्या सौजन्याने मला एकट्याला गाठून सांगितली. ही गोष्ट कानावर येताच, टीका पचवण्याबद्दल प्रसिद्ध असलेला तो गृहस्थ असा दुखावला की, 'मला खरे ऐकवणार नाही असे वाटले का?' हा प्रश्न त्याने आठवडाभर मलाच विचारला. अब्रू प्रत्येकाच्या घरात असते. ती कोणत्या आसनावर ठेवली आहे हे पाहुण्याला ठाऊक नसते, आणि तो नेमका तिच्यावरच जाऊन बसतो.

जपानी कार्यालयांत यावर एक उपाय रूढ आहे: बैठकीआधीच एकेकाला भेटून मन वळवायचे, म्हणजे बैठकीत कोणालाच नकार ऐकावा लागत नाही. मी तो अंगीकारला. त्यामुळे एका बैठकीसाठी अनेक बैठका घ्याव्या लागल्या, आणि सारे आधीच ठरले असेल तर मूळ बैठक कशासाठी, असे डच सहकाऱ्याने अर्थातच बैठकीत विचारले.

अखेर काम लांबले आणि दोष कोणाचा, हे इतिवृत्तात लिहिण्याची पाळी आली. डच बाजूला कारण नेमके हवे होते; जपानी बाजूला कोणाचे नाव नको होते. मी रात्र जागवून 'तांत्रिक अडचणींमुळे विलंब झाला' हे वाक्य घडवले, कारण यंत्राला अब्रू नसते. दोन्ही बाजूंनी ते प्रथमच एकमताने आणि तत्काळ संमत केले. दुसऱ्या दिवशी तांत्रिक विभागाच्या प्रमुखांचे पत्र आले: आमच्या विभागाची अशी शोभा कोणाच्या परवानगीने केली, याचा लेखी खुलासा करावा, आणि पत्राची प्रत सर्वांना पाठवली आहे.